ओठांवर न आलेली गोष्ट

इंदापूरहून पुणे सुमारे १४० किलोमीटर. नवी कादंबरी हातात घ्यावी, उभ्याउभ्या दहा पाने चाळावीत आणि मग घ्यायची की नाही ते ठरवावे, ही सोय इथल्या वाचकाला सहजी मिळत नाही. त्याच्या हाती येते रविवारच्या पुरवणीतले परीक्षण. त्याच्या भरवशावर तो टपालाने पुस्तक मागवतो किंवा वाचनालयाच्या खरेदीत त्याचे नाव घालायला सांगतो. तालुक्याच्या गावी परीक्षण हेच पुस्तक चाळून पाहणे असते. तेच परीक्षण कादंबरीचा शेवट सांगून मोकळे झाले, तर हा वाचक दुहेरी नागवला जातो. पुस्तक कसे आहे ते त्याला कळत नाही आणि त्यात काय घडते ते मात्र कळून बसते.

आजच्या मराठी परीक्षणांत असे वारंवार होते. साचा ठरलेला आहे. आधी लेखकाची ओळख, मग निम्म्याहून अधिक जागा कथानकाला, मग ‘ओघवती भाषा’ आणि ‘वाचकाला खिळवून ठेवते’, शेवटी मुखपृष्ठ समर्पक आणि पुस्तक प्रत्येकाच्या संग्रही असावे असे. यात परीक्षकाचे मत शोधावे लागते. जागा पाचशे शब्दांची, मुदत तोंडावर आलेली आणि लेखक बहुधा ओळखीतला. अशा वेळी गोष्ट सांगणे सगळ्यांत सोपे, कारण गोष्ट सांगताना कुणी दुखावत नाही. म्हणजे शेवट फुटतो तो परीक्षकाच्या निष्काळजीपणामुळे कमी आणि मत द्यायचे टाळल्यामुळे जास्त.

आपली परंपरा इतकी भित्री नव्हती. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ मध्ये निघाले आणि नव्या ग्रंथांची दखल घेणे हे मासिकाचे काम मानले जाऊ लागले. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. त्यांची टीका पुष्कळदा कडवट आणि एकांगी होती, तरी ती वाचून त्यांचे मत काय हे कुणाला विचारावे लागत नसे. पुढे साठच्या दशकात वसंत दावतरांचे ‘आलोचना’ पुस्तकांच्या समीक्षेलाच वाहिलेले होते. १९६४ मध्ये केशवराव कोठावळ्यांनी ‘ललित’ काढले आणि पुस्तकांच्या बातम्या, ओळखी आणि चर्चा सामान्य वाचकाच्या घरात नेल्या. आज पुरवण्या आहेत, समाजमाध्यमे आहेत, लिहिणारे हातही वाढले आहेत. कमी झाले आहे ते शिकवणे. परीक्षण कसे लिहावे हे नव्या माणसाला कुणी बसवून सांगत नाही.

त्याचा धडा मला शेजारच्या बारामतीत सापडतो. चिपळूणकरांनी ज्यांच्या कवितेवर ‘निबंधमाले’त विस्ताराने लिहिले ते मोरोपंत बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीला राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली अशी ख्याती आहे. ऐकणाऱ्या प्रत्येकाला शेवट पाठ असलेली गोष्ट हा माणूस पुन्हा पुन्हा का सांगत होता? काय घडले हे सांगण्याची त्याला गरजच नव्हती. त्याचा सगळा जीव कसे सांगायचे यात होता. त्यातले एक ‘निरोष्ठ रामायण’. ज्यांच्या उच्चाराला ओठाला ओठ लागतो ती प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात वर्ज्य. म्हणजे ‘राम’ हे नावसुद्धा उच्चारायचे नाही आणि तरी रामाचीच कथा सांगायची.

परीक्षकापुढची अट नेमकी हीच आहे. पुस्तकाचे मर्म ज्या एका घटनेत आहे ती ओठांवर येऊ द्यायची नाही, तरी मर्म वाचकापर्यंत पोचवायचे. हे लपवाछपवीने साधत नाही. त्यासाठी घटनेपलीकडे पुस्तकात जे असते ते दिसावे लागते. म्हणून नव्या परीक्षकाने पहिला सराव शेवट माहीत असलेल्या पुस्तकावर करावा. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ घ्या. कर्णाचे काय होते हे सांगून कुणाचा रसभंग होणार नाही, आणि सांगून काही पदरातही पडणार नाही. मग लिहिण्यासारखे काय उरते? कर्ण, शोण, वृषाली, दुर्योधन, कुंती आणि कृष्ण असे सहा जण ही कथा आपापल्या तोंडून सांगतात. कुणाच्या तोंडी कोणता भाग दिला, त्यामुळे कर्णाकडे पाहण्याची आपली नजर कुठे बदलली, अलंकारांचा भार कुठे पेलला आणि कुठे जड झाला, हे लिहावे लागते. ही सवय लागली की शेवट माहीत नसलेल्या पुस्तकातही तेच दिसू लागते.

दुसरा धडा कुठे थांबायचे याचा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची, आणि तिचा माणदेश इथून फार लांब नाही. धनगरांच्या वस्तीवर एक कोवळा शिक्षक रुजू व्हायला निघाला आहे, एवढी घटना सांगितली की पुरे. पुढे सांगायचे ते असे: माणसे एकेक करून आपल्यासमोर येतात, लेखक त्यांची वकिली करत नाही, वाक्ये आखूड आहेत, विशेषणे मोजकी आहेत, आणि आभाळ व जमीन हीही त्या वस्तीतली रहिवासी वाटतात. हे वाचलेला माणूस पुस्तक मागवील आणि त्याचा एकही क्षण हिरावलेला नसेल. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा भेटतात. बोट कधीतरी किनाऱ्याला लागणारच, ही घाई पानापानात कशी जाणवते ते परीक्षकाने दाखवावे. बोट लागल्यावर काय होते ते पुस्तकाकडेच राहू द्यावे.

तिसरा धडा विशेषणांचा. ‘धक्कादायक शेवट’ एवढे दोन शब्दसुद्धा गोष्ट फोडतात. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेबद्दल ‘शेवटी विलक्षण कलाटणी आहे’ असे आधीच सांगितले, तर वाचक कथा वाचतच नाही, कलाटणीची वाट पाहत बसतो. लंडनमध्ये १९५२ पासून अगाथा ख्रिस्तींचे ‘द माउसट्रॅप’ चालत आले आहे आणि खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. तिथे नुसत्या प्रेक्षकाकडून जेवढी अपेक्षा ठेवतात, तेवढी आपण परीक्षकाकडून ठेवायला हवी.

शेवट फसला असेल तर? ते लिहिलेच पाहिजे. आधीच्या प्रकरणांत लेखकाने काय पेरले आणि ते उगवले का, एवढे सांगितले तरी दोष स्पष्ट होतो. ‘नायिकेला सुरुवातीपासून स्वतः निर्णय घेणारी दाखवली आहे, अखेरच्या प्रकरणात मात्र योगायोग तिच्या वतीने निर्णय घेतो’ या वाक्यात कुठलीही घटना फुटलेली नाही आणि मतही गुळमुळीत नाही.

एक भेद मात्र पाळावा. समीक्षा ही पुस्तक वाचलेल्यासाठी असते. कुसुमावती देशपांडे यांच्या ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’सारख्या अभ्यासाला शेवटाची चर्चा वर्ज्य करता येणार नाही, करूही नये. परीक्षण हे बहुतेक वेळा न वाचलेल्याशी बोलणे असते. दोहोंची सरमिसळ झाली की विद्वत्तेच्या नावाखाली वाचकाचा आनंद लुटला जातो.

उजनी धरणाच्या फुगवट्यात पळसदेवचे जुने देऊळ बुडाले आहे. पाणी उतरू लागले की आधी शिखर दिसते, आणि ते पाहिले की खालचे देऊळ पाहण्याची ओढ लागते. चांगल्या परीक्षणाने तेवढेच पाणी उतरवावे. माझ्या मते आपली वाचनालये आणि महाविद्यालयांचे मराठी विभाग हे शिकवू शकतात. एक पुस्तक, दहा विद्यार्थी, तीनशे शब्द, आणि अट एकच: शेवटच्या निम्म्या भागातली एकही घटना ओठांवर येता कामा नये. बारामतीत मोरोपंतांनी रामाचे नाव न घेता रामायण रचले. त्याच परिसरातल्या मुलांना शेवट न सांगता पुस्तक सांगता येणार नाही, असे मला मुळीच वाटत नाही.