सोय आणि सुविधा : सानपाड्याचा नवा बाजार वाचताना

समीक्षा म्हटलं की पुस्तक, नाटक, फार तर सिनेमा आपल्या डोळ्यांसमोर येतो. आज आपण समीक्षेला एक बाजार घेतोय. नवी मुंबईतला सानपाडा, आणि तिथे अलीकडे उभ्या राहिलेल्या, अजूनही राहत असलेल्या व्यापारी इमारती. पुस्तक आवडलं नाही तर मिटून ठेवता येतं. इमारतीचं तसं नसतं. जो रोज तिच्यासमोरून स्टेशनला जातो, त्याला ती पाहावी लागते, वळसा घालून पार करावी लागते. म्हणून तिची समीक्षा जास्त गरजेची आहे, असं आम्हाला वाटतं.

आधी जागा समजून घेऊ. सानपाडा म्हणजे वाशी आणि जुईनगर-नेरूळच्या मधला नोड. एका अंगाला सायन-पनवेल महामार्ग, दुसऱ्या अंगाला पाम बीच रस्ता, शेजारी तुर्भे, तिथली कृषी उत्पन्न बाजार समिती. स्थानकात हार्बरच्या गाड्या थांबतात आणि ठाणे-वाशीच्याही. वर्षानुवर्षं लोक सानपाड्याबद्दल बोलताना म्हणायचे, ‘राहायला शांत, खरेदीला वाशी.’ हे वाक्य आता जुनं होत चाललंय. शोरूम, कार्यालयं, दवाखाने, कॅफे, जिम सगळं सानपाड्यातच आलंय. मग तक्रार कसली?

इथे मराठीतले दोन शब्द आपल्या कामाला येतात. एक ‘सुविधा’, दुसरा ‘सोय’. सुविधा हा आराखड्यातला शब्द आहे. ती चौरस मीटरमध्ये मोजता येते, नकाशावर तिला रंग असतो, जाहिरातीत तिची यादी असते. सोय हा घरातला शब्द. ‘तुमची जेवायची सोय झाली का?’ असं आपण पाहुण्याला विचारतो. तो पाहुणा कोण आहे, त्याचे गुडघे दुखतात का, त्याला तिखट चालतं का, हे सगळं त्या एका प्रश्नात असतं. म्हणजे सोय ही नेहमी कुणाची तरी असते. आणि म्हणूनच सुविधा असूनही गैरसोय होऊ शकते. आमचं म्हणणं थोडक्यात असं, की नव्या व्यापारी बांधकामानं सानपाड्याला सुविधा पुष्कळ दिल्या, पण सोयीला जागा ठेवली नाही. आणि याचं मूळ बिल्डरच्या स्वभावात शोधण्यापेक्षा जमीन विकण्याच्या रीतीत शोधावं.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९६४-६५ च्या सुमाराला चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. कल्पना अशी होती, की एकच एक मोठं केंद्र नको. अनेक नोड असावेत, त्यांना रेल्वे जोडेल, प्रत्येक नोडमध्ये सेक्टर असतील आणि रोजच्या गरजा सेक्टरमध्येच पायी भागतील. शाळा, मैदान, किरकोळ दुकानं, सगळं हाकेच्या अंतरावर. आम्ही हे मुद्दाम सांगतोय, कारण नवी मुंबईवर टीका करताना ‘नियोजनच नव्हतं’ असं म्हणायची फॅशन आहे. ते खरं नाही. नियोजन होतं आणि त्यात पायी चालणारा माणूस होता.

पण त्या नियोजनाचा खर्च कशातून निघणार होता? जमिनीतून. जमीन संपादित करायची, विकसित करायची, विकायची आणि त्या पैशातून रस्ते, नाले, रेल्वे करायची. इथल्या रेल्वेच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोनं उचलला, एक तृतीयांश रेल्वेनं. त्या बदल्यात स्थानकांच्या जागेत व्यापारी बांधकाम करण्याचा हक्क सिडकोकडे आला, तिकिटावर अधिभारही आला. म्हणून वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर ही स्थानकं मुंबईच्या जुन्या स्थानकांसारखी दिसत नाहीत. त्यांना मोठी छतं आहेत, गाळे आहेत, कार्यालयं आहेत. ही रीत वाईट नव्हती. हार्बरची गाडी १९९२ साली खाडी ओलांडून वाशीला आली, ती याच हिशोबामुळे. मात्र या हिशोबात एक गोष्ट दडलेली आहे. इथला प्रत्येक मोकळा भूखंड एकाच वेळी दोन गोष्टी असतो. राहणाऱ्याच्या दृष्टीनं ती उद्याची बाग किंवा मंडई असते, आणि विकणाऱ्याच्या दृष्टीनं तिजोरी.

आता इमारतींकडे येऊ. सानपाड्यात, विशेषतः पाम बीचच्या बाजूला, नवी इमारत एका ठरलेल्या साच्यातली असते. तळाला दुप्पट उंचीचे मोठे गाळे, बाहेरून काच. त्यावर दोन-चार मजले पार्किंग, त्याला आता सगळेच ‘पोडियम’ म्हणतात. वर कार्यालयं किंवा घरं. समोर गाड्यांसाठी चढ-उतार, कडेला रखवालदाराची केबिन. दिसायला नेटकी, रात्री उजेडाची, स्वच्छ. तिनं जे दिलं ते नाकारण्यात अर्थ नाही. घराजवळ नोकरी मिळणं ही लहान गोष्ट नाही, विशेषतः जिला संध्याकाळी सातपर्यंत पाळणाघर गाठायचंय तिच्यासाठी. दाताचा डॉक्टर, रक्त तपासणी, बँक यांसाठी पूर्वी वाशी गाठावी लागे, ती खेप वाचली. उजेड असलेल्या रस्त्यावरून रात्री परतताना बरं वाटतं.

पण याच इमारतीच्या तळमजल्यावर काय नसतं, याची यादी करून बघा. पिठाची गिरणी नसते. चप्पल शिवणारा नसतो. फॉल-पिको करणारी बाई नसते, इस्त्रीवाला नसतो, छत्री आणि कुकर दुरुस्त करणारा नसतो. पोळी-भाजी केंद्र क्वचित असतं. भाजीवाला तर नसतोच. कारण सोपं आहे. भूखंड जातो निविदेनं, सर्वाधिक बोली लावणाऱ्याला. जमिनीचा भाव चढला की गाळ्याची किंमत चढते, मग डिपॉझिट आणि भाडं. दळणाच्या पैशातून ते भाडं निघत नाही. शिवाय गाळाच एवढा मोठा कापलेला, की चप्पल शिवणाऱ्यानं त्याचं करायचं काय? त्याला सहा बाय सहा फूट पुरतात. इतकी लहान जागा या इमारतीत विकायलाच नसते. सिडकोच्या सुरुवातीच्या वसाहतींतले लहान गाळे दिसायला काही खास नव्हते, पण त्यांच्या लहानपणात एक शहाणपण होतं.

मग हे सगळे लोक जातात कुठे? काही गावठाणाकडे. सानपाडा हे शहराच्या आधीपासूनचं गाव आहे, त्याचं नावच नोडनं घेतलंय. नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यांना जानेवारी १९८४ मध्ये जासईला आंदोलन करावं लागलं, पाच माणसं गोळीबारात गेली, आणि मग पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. आराखड्यानं गावाला कडेला ठेवलं. गंमत बघा, रोजची सोय पुष्कळदा त्याच कडेला मिळते. अरुंद गल्ली, घराखालचं दुकान, ओट्यावरची मासळी, परवडणारं भाडं. आणि याच गल्ल्यांना कागदावर ‘अनियमित’ म्हणतात. आम्ही गावठाणाचं कौतुक करून त्याचे प्रश्न झाकणार नाही. तिथे अग्निशमनाची गाडी शिरणं अवघड, सांडपाण्याचे हाल. पण नियोजित भागानं जे पुरवलं नाही ते अनियोजित भाग पुरवतोय, एवढं तरी मान्य करायला हवं.

बाकीचे जातात पदपथावर. १९८१ साली मुंबईतला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार इकडे आला, १९९६ मध्ये भाजी आणि फळांचा. म्हणजे महानगराची भाजी शेजारच्या तुर्भ्यात उतरते. आणि सानपाड्यात जुडीभर मेथी विकणारीला बसायला हक्काची जागा नाही! २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की विक्रेत्यांचं सर्वेक्षण करा, नगर पथविक्रेता समिती नेमा, तिच्यात ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असू द्या, नैसर्गिक बाजार ओळखून जागा ठरवा. कायदा झाला त्याला दहा वर्षं उलटली. तरी आपल्या शहरांत अजून हातगाडी उचलण्याची गाडी आधी येते आणि सर्वेक्षण मागून.

कोणी म्हणेल, भाजीवाला कशाला हवा, मोबाइलवर दहा मिनिटांत मेथी येते. येते, खरंय. पण ती एखाद्या बंद शटरमागच्या गोदामातून येते, जिथे गिऱ्हाइकाला प्रवेश नसतो. म्हणजे रस्त्यावरचा आणखी एक गाळा रस्त्याशी बोलणं बंद करतो. आणि ती आणणारा मुलगा, तो कुठे बसतो? स्कूटरवर. पाणी कुठे पितो, लघवीला कुठे जातो? दहा मिनिटांची सोय ज्याच्या पायांवर उभी आहे, त्याचीच सोय कुणी पाहिलेली नाही. नव्या इमारतीत स्वच्छतागृह असतं, पण रखवालदाराच्या नजरेपलीकडे. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या बायका हेच सांगत आल्या आहेत. त्याच वर्षी शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक आलं. बाईला शहरात बाहेर असायला नेहमी काहीतरी काम दाखवावं लागतं, असं त्यांचं निरीक्षण आहे. नव्या बाजाराला हे तंतोतंत लागू पडतं. इथे बसायचं असेल तर कॉफी घ्यावी लागते. साधा बाक नाही. ज्याला काही घ्यायचं नाही, तो या जागेचा कोणीच नाही.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. न्यूयॉर्कनं १९६१ साली नियम केला, की इमारतीसमोर लोकांसाठी मोकळी जागा सोडा, त्या बदल्यात जादा बांधकाम घ्या. एक चौरस फुटाला दहा चौरस फुटांपर्यंत. बिल्डरांनी जागा सोडल्या. कागदावर सुविधा तयार झाली. पण कित्येक चौक ओसाड राहिले, कारण तिथे बसायलाच काही नव्हतं. विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकानं कॅमेरे लावून लोक कुठे थांबतात, कुठे बसतात ते पाहिलं. त्याचं मुख्य निरीक्षण आपल्या आजीनंही सांगितलं असतं. जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. १९७५ मध्ये नियम बदलले, बसण्याची जागा किती हवी ते लिहून टाकलं. धडा असा, की ‘जागा सोडा’ एवढं म्हणून भागत नाही. तिथे माणूस काय करू शकेल, हे अटीत लिहावं लागतं.

आणि अटी लिहायची वेळ आत्ताच आहे. महापालिका १९९२ पासून आहे, पण तिचा स्वतःचा प्रारूप विकास आराखडा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला २०२२ मध्ये. महापालिकेला सार्वजनिक सुविधांसाठी हवे असलेले भूखंड आणि सिडकोला विकायचे असलेले भूखंड, यांवरून दोन्ही संस्थांत वाद झाला. हा वाद चालू असताना सभागृहात नगरसेवक नव्हते. त्यांची मुदत २०२० सालीच संपली होती. कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे शहरातली उरलीसुरली जागा कुणाची, हे ठरण्याच्या दिवसांत, ‘आमच्या सेक्टरात मंडई नाही’ असं उठून म्हणणारं कुणी तिथे नव्हतं. सिडकोचा भूखंड भाडेपट्ट्यानं जातो, साठ वर्षांसाठी. आज जन्मलेलं मूल निवृत्तीच्या वयाला येईल तेव्हा ती जागा पुन्हा चर्चेला येणार. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, जमिनीला आणखी गिऱ्हाईक येणार. घाई विकणाऱ्यालाही आहे आणि घेणाऱ्यालाही.

मग मागायचं काय? व्यापारी इमारती नकोत, असं आमचं म्हणणं नाही. मागणं साधं आहे. निविदेच्या अटीतच लिहा, की तळमजल्याचा ठरावीक भाग लहान गाळ्यांचा असेल आणि तो सोय पुरवणाऱ्या धंद्यांनाच, ठरलेल्या भाड्यानं मिळेल. रस्त्यावरून थेट जाता येईल असं स्वच्छतागृह असेल, रखवालदाराला न विचारता. दर्शनी बाजूला सावलीतला बाक असेल. वळसा न घालता स्टेशनकडे जायला आरपार वाट असेल. बोली थोडी कमी येईल, हे खरं. ती तूट शहरानं सोसावी, कारण आज ती राहणारा सोसतोय. रिक्षाच्या भाड्यात, वाया गेलेल्या वेळात, एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या न झालेल्या फेरफटक्यात.

पुढच्या वेळी नव्या इमारतीची जाहिरात दिसली, की तिच्यातली सुविधांची यादी जरूर वाचा. मग एवढंच विचारा, की यात दळण कुठे टाकायचं? उत्तर मिळालं नाही तर तो प्रश्न हरकत म्हणून लेखी द्या, आराखड्यावर असो की नगरसेवकाकडे असो. आमच्याकडून आज एवढंच. काही प्रश्न असतील तर आता घेऊ या.