खडी, तेल आणि वीस वर्षांचं ऊन

छपराचं वाचन गटरपासून सुरू करावं. पाऊस वरून जे काही सोडवून आणतो ते तिथे येऊन बसतं. न्यू जर्सीत, एडिसनमधल्या या घराच्या पुढच्या गटरमध्ये हात घातला की ओंजळीत काळपट रेती येते. उन्हात वाळवली की तिच्यातले तपकिरी, करडे, निळसर कण वेगवेगळे दिसू लागतात. ही डांबरी शिंगलवरची खडी. रूफर तिला ग्रॅन्यूल्स म्हणतात. मागच्या गटरमध्ये मात्र ओकची पानं, थोडी माती, हिरवट चिखल, खडी नावालाच. छप्पर एकच, 2005 साली एकाच आठवड्यात बसवलेलं. पुढचं पाखं दक्षिणेकडे, मागचं उत्तरेकडे. एवढ्याच फरकाने दोन्ही पाख्यांची म्हातारपणं वेगळी झाली आहेत.

घर एका मराठी कुटुंबाचं. त्यांच्या हातात दोन एस्टिमेट होती. एकात सगळं छप्पर उचकटून नवं घालायचं होतं. दुसऱ्यात सोयाबीन तेलापासून केलेला द्राव फवारून याच छपराचं आयुष्य पाच वर्षांनी वाढवून द्यायचं होतं. आपल्या लोकांच्या पुष्कळ घरांवर आता ही वेळ आली आहे, कारण नव्वदीच्या अखेरीस आणि 2000 नंतर उभ्या राहिलेल्या वसाहतींमधली छपरं एकदमच थकू लागली आहेत. बहुतेक घरांत दोन आकडे शेजारी ठेवून निर्णय होतो. मला ते पटत नाही. छप्पर स्वतः इतकं बोलत असताना त्याचं आधी ऐकावं.

डांबरी शिंगलला कुणी देखणं म्हणत नाही. स्लेटचा किंवा सीडरच्या फळ्यांचा थाट त्याच्याकडे नाही. स्वस्तातली सोय म्हणूनच तो आला. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचे छप्परवाले हेन्री रेनल्ड्स यांनी 1903 मध्ये खडी लावलेल्या डांबरी गुंडाळ्यांचे तुकडे कापून ते ओळीत बसवले, तेव्हापासूनची ही परंपरा. पुढे कित्येक दशकं घराघरावर दिसला तो थ्री-टॅब: 36 इंच लांब, 12 इंच रुंद, खालच्या कडेला दोन खाचा. सपाट, नीटस, काहीसा निरस. या घरावरचा शिंगल त्यानंतरचा, दुपदरी. इथे त्याला आर्किटेक्चरल म्हणतात. वरच्या पदराला कमी-अधिक रुंदीचे दात कापलेले, खाली दुसरा पदर चिकटवलेला आणि त्या खालच्या पदरावर गडद खडीचा पट्टा. हा पट्टा म्हणजे रंगवलेली सावली. सकाळच्या तिरप्या उन्हात ती आणि दातांची खरी सावली एकमेकींत मिसळतात आणि काही मिलिमीटर जाडीचं छप्पर चांगलं इंचभर खोल वाटायला लागतं. कारखान्यातून हजारांनी बाहेर पडणाऱ्या वस्तूत कुणीतरी सावलीचा एवढा विचार करून ठेवला आहे, याचं मला दर वेळी कौतुक वाटतं.

पावसात याची खरी मजा. शिंगल पाणी अडवून धरत नाही, ते पुढच्या ओळीच्या हवाली करतो. थ्री-टॅबचं गणित सोपं आहे म्हणून तेच सांगतो: 12 इंचांतले 5 इंच उघडे, बाकीचे 7 वरच्या ओळीखाली. म्हणजे खाचा सोडून कुठेही बोट ठेवा, खाली किमान दोन पदर आहेत, आणि मधल्या 2 इंचांच्या पट्ट्यात तीन. प्रत्येक खिळ्याचं डोकं वरच्या ओळीने झाकलेलं. आढ्यावर पडलेला थेंब वळचणीपर्यंत येतो तो एकाही खिळ्याला न शिवता. दोन ओळींच्या मध्ये डांबरी गोंदाची पट्टी असते, ती बसवणारा चिकटवत नाही. पहिल्या कडक उन्हाळ्यात ऊनच ती वितळवून चिकटवतं, आणि मग वादळात वाऱ्याला शिंगलची कड उचलता येत नाही. कोकणात मृगाआधी कौलं परततात, फुटलेलं कौल काढून दुसरं सरकवतात, कारण तिथे प्रत्येक कौल सुटं असतं. इथे एक शिंगल बदलायचा तर वरच्या दोन ओळींची चिकटलेली कड सोडवून उचलावी लागते. ती कड न तुटता उचलली जाते का, यावर पुढचं सगळं ठरतं. या मुद्द्याकडे परत येऊ.

आधी शिंगलच्या पोटात काय आहे ते पाहू. मध्ये फायबरग्लासची पातळ चटई, तिच्या दोन्ही बाजूंना डांबर, आणि त्या डांबरात भरपूर चुनखडीची भुकटी. हे डांबर रस्त्यावरचं नव्हे. गरम डांबरातून हवा सोडून ते कडक केलेलं असतं, नाहीतर उन्हाळ्यात ते छपरावरून ओघळलं असतं. तरीही त्यात तेलकट अंश उरलेला असतो आणि शिंगलची लवचीकता त्यावर टिकून असते. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून हा अंश वर्षानुवर्षं घटवत नेतात. डांबर आकसतं, ठिसूळ होतं, कडा वळतात. दगडाचे बारीक कण रंग चढवून भट्टीत भाजतात, ती ही खडी. आणि तिचं मुख्य काम शोभा नव्हे, अतिनील किरण अडवणं हे आहे. ती आहे तोवर डांबर सावलीत असतं. ती गेली की डांबर उघड्यावर पडतं, लवकर वाळतं, वाळल्यामुळे आणखी खडी सोडतं. शेवटी खालची चटई दिसू लागते.

म्हणजे म्हातारपणं दोन: तेल जाण्याचं आणि खडी जाण्याचं. ती एकमेकांच्या मागोमाग येतात, पण एक नाहीत, आणि फवारणीची पारख इथेच होते. ओहायोतल्या कोलंबसमधल्या बॅटेल या संशोधनसंस्थेच्या मदतीने तयार झालेला सोयाबीनचा द्राव बाजारात येऊन काही वर्षं झाली. आता तशी इतरही उत्पादनं आहेत. एका फवारणीला पाच वर्षं, आणि अशा तीन फवारण्यांपर्यंत करता येतं, असं विकणारी कंपनी सांगते. हा विकणाऱ्याचा आकडा आहे, तो त्याच भावाने घ्यावा. पण कल्पना मुळात बरोबर आहे. गेलेल्या तेलाच्या जागी दुसरं तेल मुरवलं की कडक झालेला शिंगल पुन्हा वाकू शकतो. मात्र गटरमध्ये उतरलेली खडी कुठलाही द्राव वर चढवू शकत नाही.

हे डोक्यात ठेवून दक्षिणेचं पाखं पाहिलं. दुर्बिणीतूनच पुष्कळ कळतं. रंगवलेल्या सावल्या पुसट झाल्या आहेत, गडद पट्टा आणि उघडा भाग यांत फारसा फरक उरलेला नाही. शिडी लावून वळचणीच्या ओळीजवळ गेल्यावर दातांच्या खालच्या कडा दिसल्या. खडी झडून तिथे काळं, चमकदार डांबर उघडं पडलं होतं, आणि त्यातून काचेचे पांढरट तंतू केसांसारखे वर आले होते. रूफरने पातळ पात्याने गोंदाची पट्टी सोडवून एक कड हलकेच उचलली. दिवस उबदार होता, शिंगलला सबब नव्हती. कड तळहाताएवढी वर येण्याआधीच आडवी चीर गेली आणि चिरेच्या दोन्ही अंगांनी खडी सुटून घरंगळली. ज्या पाख्यावर एक शिंगल बदलता येत नाही, त्या पाख्याची दुरुस्तीही होऊ शकत नाही. वादळात दोन शिंगल्स उडाले तर ते बसवताना आणखी चार मोडतील. इथे द्राव फवारला असता तर उघड्या डांबराला काही दिवस ओलावा मिळाला असता, आणि पुढचा उन्हाळा थेट त्या डांबरावरच पडला असता.

उत्तरेचं पाखं रस्त्यावरून दिसत नाही. दिसलं असतं तर लोकांनी त्यालाच आधी बाद ठरवलं असतं. आढ्यापासून खाली उतरलेले काळे ओघळ, जणू कुणी शाई सांडली आहे. ग्लोइओकॅप्सा मॅग्मा नावाच्या सायनोबॅक्टेरियाची ती वस्ती. सावली आणि दमटपणा तिला मानवतो. घरमालकांना हे ओघळ सर्वांत जास्त घाबरवतात, आणि पाण्याच्या दृष्टीने त्यांचा धोका सर्वांत कमी. या पाख्यावर एक जागा फार सुरेख आहे. धुराड्याच्या पायथ्याशी गॅल्व्हनाइझ्ड पत्र्याचं फ्लॅशिंग आहे, आणि त्याच्या बरोबर खाली, धुराड्याच्याच रुंदीचा पट्टा वळचणीपर्यंत स्वच्छ आहे. पत्र्यावरून ओघळणाऱ्या पाण्यात जस्ताचा अंश उतरतो आणि तो त्या जीवाला तिथे रुजू देत नाही. त्या पट्ट्यात मूळ रंग जसाच्या तसा आहे: खडी दाट, गडद सावल्या शाबूत. इथली कड उचलली तर ती वाकली. खाली सोडली तर परत बसली. काळेपणासाठी ब्लीच आणि पाणी समप्रमाणात, हलक्या धारेने, आणि खालच्या झाडांना आधी भरपूर पाणी, एवढं पुरे. प्रेशर वॉशर मात्र या छपराला शत्रूसारखा. जी खडी वीस वर्षांत गेली नाही ती तो एका दुपारी काढून टाकतो.

आता या वाचनातली गंमत पाहा. तेलाची निकड आहे दक्षिणेला, आणि तिथे ते धरून ठेवायला खडी नाही. खडी आहे उत्तरेला, आणि तिथे तेल अजून पुरेसं आहे. एकाच छपराच्या दोन्ही पाख्यांवर, उलट कारणांनी, फवारणी गैरलागू ठरते. तिचा खरा काळ या दोहोंच्या मधला: खडी घट्ट आहे पण गार दिवशी कड वाकायला कुरकुरते, तेव्हाचा. समोरच्या रांगेत पूर्व-पश्चिम पाख्यांचं एक घर आहे, 2013 चं छप्पर. गटर जवळपास स्वच्छ, रंग भरलेला, कडांना किंचित ताठपणा. तिथे मी फवारणी करा म्हणेन. आधी शिंगलच्या कंपनीची वॉरंटी वाचून, आणि अग्निरोधाचं रेटिंग फवारणीनंतर तसंच राहतं का हे लेखी मागून. अमेरिकेत दर वर्षी एक कोटी टनांहून जास्त शिंगल्सचा कचरा निघतो आणि त्यातला बहुतेक जमिनीत जातो. चांगल्या छपराची पाच वर्षं वाढणार असतील तर ती वाढवणं हे मोठं काम आहे.

गळती मात्र बहुतेक वेळा शिंगलमधून येत नसतेच. प्लंबिंगच्या नळाभोवतीचा रबरी गळपट्टा शिंगलच्या कितीतरी आधी तडकतो. या घरात तो तडकलेला होता, आणि अ‍ॅटिकमध्ये प्लायवुडवर त्याच्याच खाली बशीएवढा डाग होता. बाथरूमच्या पंख्याची नळी बाहेर न काढता अ‍ॅटिकमध्येच सोडलेली. तिच्या भोवतीच्या खिळ्यांची टोकं गंजलेली. ही वाफ छपराला खालून शिजवते. नवं छप्पर घातलं आणि नळी तशीच ठेवली तर नव्या छपराचंही तेच होणार. जुन्यावरच नवा थर चढवण्याची सूचनाही एकाने केली होती. अमेरिकेतले इमारत नियम साधारणपणे दोन थरांपर्यंत मुभा देतात, पण खालच्या वाकड्या कडा वरच्या थरावर उमटतात आणि खालचं लाकूड कुणी पाहतच नाही. मी ती सूचना मोडीत काढतो.

छपराच्या वयावरून हा प्रश्न सुटत नाही, हे फ्लोरिडाने 2022 मध्ये कायद्यातच आणलं. 15 वर्षांच्या आतल्या छपराला केवळ वयाचं कारण देऊन विमा नाकारता येत नाही. त्याहून जुनं असेल तर घरमालकाला तपासणी करून घेण्याची संधी द्यावी लागते, आणि किमान 5 वर्षांचं उपयुक्त आयुष्य उरल्याचं तपासनिसाने लिहून दिलं तर वयाचं कारण चालत नाही. हा कायदा न्यू जर्सीला लागू नाही, पण त्यातली रीत मला कुठल्याही गावी पटते.

या घराबद्दल माझं मत असं. दक्षिणेचं पाखं पूर्ण उचकटून नवं करावं, वळचणीला बर्फापासून वाचवणारं चिकट अस्तर घालून. या कुटुंबाला तिथेच सोलर पॅनेल बसवायचे आहेत. पंचवीस वर्षं चालणारे पॅनेल या खडी झडलेल्या पाख्यावर ठेवणं म्हणजे ते लवकरच पैसे देऊन उतरवणं. उत्तरेचं पाखं राहू द्यावं: धुऊन घ्यावं, गळपट्टा बदलावा, फ्लॅशिंगच्या सांध्यावर फासलेलं सीलंट खरवडून काढून पत्रा नीट बसवावा, दर शरदात एकदा कड उचलून पाहावी. रंग थोडा वेगळा दिसेल, पण दोन्ही पाखी एका नजरेत कधीच येत नाहीत. फवारणी कुठेच नको.

तुमच्याकडेही अशी दोन एस्टिमेट आली असतील, तर सही करण्याआधी रूफरला तीन गोष्टी दाखवायला सांगा: प्रत्येक बाजूच्या गटरमधली मूठभर रेती, प्रत्येक पाख्यावर उचललेली एक कड, आणि अ‍ॅटिकमधून दिसणारा प्लायवुडचा खालचा भाग. या न पाहता जो आकडा सांगतो, त्याला काम देऊ नका.