खालच्या सुराचे मानकरी

सावलीसारख्या झाडीपट्टीच्या गांवीं सुगी आटोपली म्हणजे रात्ररात्र नाटकें रंगतात. प्रेक्षक नायकाच्या गाण्यास मान डोलावतो. डग्ग्याचा घुमारा थांबला तरच त्यास चुकल्याचुकल्यासारखें होतें. पाश्चात्य रॉक संगीतांत हेंच काम बेस गिटार करते. लंडन येथें १९६८ सालीं निघालेल्या लेड झेपेलिन या वाद्यवृंदांत तें जॉन पॉल जोन्स यांच्याकडे होतें. १९६२ सालची आपली फेंडर जॅझ बेस त्यांनीं अनेक वर्षें वाजविली. प्रसंगीं ऑर्गनच्या पायपट्ट्यांवरहि त्यांनीं मंद्र सूर राखला.

१९७२ च्या ऑक्टोबरांत याच वृंदाचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट मुंबईस आले आणि ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ हीं आपलीं गीतें त्यांनीं येथील वादकांसह मुद्रित केलीं. जोन्स बरोबर नव्हते. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेलें हें मुद्रण ऐकतांना आम्हांस त्यांची उणीव भासली नाहीं. खालची बाजू तबल्यानें सांभाळली आहे. ही नुसती बदली नव्हे. बेसचा सूर पायासारखा स्थिर बसतो, डग्ग्याचा सूर मनगटाच्या दाबानें लवतो. त्यामुळें गीत जड न होतां झुलतें. गुण केवळ जुन्या वाद्याचा नव्हे, वाजविणाऱ्या हाताचा होय.

परंतु त्या गीतांच्या शीर्षकाशीं छाप आहे ती ‘बाँबे ऑर्केस्ट्रा’ एवढीच. जोन्स यांच्या बेसचें सालसुद्धां रसिकांस पाठ असावें आणि आपल्या तबलजीचें नांवहि ओठीं नसावें, हें आम्हांस शोभत नाहीं.