इतरांनी लिहिलेला ‘मी’ : युसेफ सलाम यांच्या आत्मकथनाची भाषा

अन्यायाने दोषी ठरविल्या गेलेल्या माणसाचे आत्मकथन हा सामान्य आत्मचरित्राहून निराळा वाङ्मयप्रकार मानावयास हवा. आत्मचरित्रकार एरवी आपल्या आयुष्याची पहिली संहिता स्वतः सिद्ध करीत असतो. येथे मात्र ती पोलिसांनी, वृत्तपत्रांनी आणि न्यायालयाने आधीच लिहून ठेवलेली असते. लेखकाचे काम नवलेखनाचे कमी आणि पाठशुद्धीचे अधिक असते. न्यूयॉर्कचे युसेफ सलाम यांचे ‘बेटर, नॉट बिटर’ (२०२१) हे पुस्तक या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यातच हा लेखक २०२३ मध्ये त्या शहराच्या नगरपरिषदेवर निवडून आल्यामुळे त्याच्या भाषेचा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहिलेला नाही.

मूळ घटना थोडक्यात अशी : १९ एप्रिल १९८९ च्या रात्री सेंट्रल पार्कमध्ये धावण्यास गेलेल्या एका तरुणीवर अत्यंत निर्घृण हल्ला व बलात्कार झाला. १४ ते १६ वयाच्या पाच कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांना १९९० मध्ये दोषी ठरविण्यात आले. घटनास्थळी मिळालेला डीएनए खटल्याच्या वेळीही त्यांच्यापैकी कोणाशी जुळला नव्हता. २००२ मध्ये तुरुंगात असलेल्या एका गुन्हेगाराने आपणच हे कृत्य केल्याचे सांगितले, डीएनए त्याच्याशी जुळला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पाचही जणांची दोषसिद्धी रद्द झाली. तोवर सलाम यांनी जवळजवळ सात वर्षे बंदिवासात काढली होती. २०१४ मध्ये शहराने पाच जणांना मिळून ४ कोटी १० लाख डॉलर देऊन दावा मिटविला.

या प्रकरणात शब्दांनी काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. त्या दिवसांत वृत्तपत्रांनी ‘वाइल्डिंग’ हा शब्द प्रचारात आणला. ‘वाइल्ड’ या विशेषणापासून साधलेले हे क्रियावाचक नाम होय. ‘मारहाण’ म्हटले म्हणजे कोणी कोणास मारले, हे विचारावे लागते. ‘वाइल्डिंग’ म्हटल्यावर तो प्रश्नच उद्भवत नाही, कारण कर्त्याचा स्वभाव शब्दातच ठरून गेलेला असतो. मुलांच्या कळपाला लांडग्यांची उपमा देणारे मथळे याच व्याकरणातून निघाले. पीडित स्त्रीचेही नाव लोपून ती केवळ ‘जॉगर’ उरली. पुढे २००३ मध्ये स्वतःच्या नावाने आत्मकथन प्रसिद्ध करूनच तिने ते परत मिळविले. पाच मुलांची ‘सेंट्रल पार्क फाइव्ह’ ही ओळख तर निर्दोषत्व सिद्ध झाल्यानंतरही टिकली. २०१९ च्या ‘व्हेन दे सी अस’ या चित्रमालिकेनंतर तिच्या जागी ‘एक्झॉनरेटेड फाइव्ह’ हे नाव रूढ होऊ लागले. तथापि विशेषण बदलले, तरी संख्या कायम राहिली. माणसे अजून मोजलीच जात होती.

सलाम यांचे प्रकरण या पाचांतही वेगळे आहे. इतर चौघांचे कबुलीजबाब चित्रफितीवर घेण्यात आले. सलाम यांची चौकशी त्यांची आई पोहोचल्याने थांबली आणि त्यांनी कोणत्याही जबाबावर सही केली नाही. त्यांच्याविरुद्ध उभे राहिले ते पोलीस अधिकाऱ्याने न्यायालयात सांगितलेले त्यांचे तथाकथित तोंडी निवेदन. म्हणजे ज्या प्रथमपुरुषी विधानांवर ते तुरुंगात गेले, ती तृतीयपुरुषी मुखातून आली होती. शिक्षा सुनावली जाण्याच्या वेळी त्या मुलाने न्यायालयात स्वतःची कविता वाचली. ही घटना मला केवळ भावनात्मक वाटत नाही. आपला ‘मी’ आपल्याच तोंडून एकदा तरी नोंदला जावा, असा तो आग्रह होता.

आत्मकथन जेथे या आग्रहाशी प्रामाणिक राहते, तेथे ते प्रभावी आहे. चौकशीची खोली, आईचे येणे, बंदिवासातील शिक्षण हे सारे साध्या, क्रियापदप्रधान वाक्यांत येते. याउलट उपदेशाचा भाग वाचकास दमवितो. तेथे वाक्ये सूत्रमय होतात आणि अनुभवाची जागा निष्कर्ष घेतो. शीर्षक हे त्याचेच उदाहरण होय. इंग्रजीत ‘बेटर’ आणि ‘बिटर’ या शब्दांत केवळ एका स्वराचा भेद आहे. ध्वनिसाम्यामुळे कटुतेतून उन्नतीकडे जाणे एक स्वर बदलण्याइतके सोपे भासते. मराठीत हा अर्थ सांगू पाहिल्यास यमक गळून पडते आणि उघडा प्रश्न उरतो : कटू असण्याचा अधिकार या माणसास का नसावा? निरपराध ठरलेल्याने आपल्यात राग उरला नसल्याचे पुन्हा सिद्ध करावे, ही समाजाची अपेक्षा दुसऱ्या खटल्यासारखीच आहे. पुस्तक या अपेक्षेची चिकित्सा करीत नाही. ती पूर्ण करते. हे त्याचे न्यून होय. इबी झोबोई यांच्यासह लिहिलेल्या ‘पंचिंग द एअर’ (२०२०) या पद्यकादंबरीतील अमल या तरुणास मात्र संतापण्याची मोकळीक आहे. कल्पिताने दिलेले हे स्वातंत्र्य आत्मकथनाने नाकारावे, हे लक्षणीय आहे.

राजकारणात या न्यूनाची भरपाई झाली काय? २०२३ च्या प्राथमिक निवडणुकीत सलाम यांनी राज्य विधानसभेच्या दोन विद्यमान सदस्यांचा पराभव केला आणि हार्लेमचे प्रतिनिधी झाले. पूर्वायुष्याच्या सहानुभूतीवर मिळालेली ही मते होत, असा आक्षेप घेता येईल, आणि तो सर्वस्वी निराधारही नाही. अन्याय सोसणे ही कारभाराची पात्रता नव्हे. परंतु जानेवारी २०२४ मध्ये, ते सार्वजनिक सुरक्षा समितीचे अध्यक्ष असताना, परिषदेने महापौरांचा नकाराधिकार डावलून एक कायदा संमत केला. त्यानुसार पोलिसांनी रस्त्यावर नागरिकास अडवून केलेल्या किरकोळ चौकशीचीही नोंद ठेवणे बंधनकारक झाले. मतदानाच्या काही दिवस आधी खुद्द सलाम यांची मोटार पोलिसांनी अडविली होती आणि कारण विचारले असता ते सांगितले गेले नव्हते.

हा कायदा नोंदीचा आहे, हे भाषाभ्यासकाने विसरू नये. ज्याच्याविषयी पोलिसांनी हवे ते सांगितले, त्याने आता पोलिसांनी काय लिहून ठेवलेच पाहिजे, हे ठरविण्यात भाग घेतला. या ठिकाणी त्यास कटुता टाकावी लागली नाही, की मिरवावीही लागली नाही. तिला कलम आणि उपकलम यांचे रूप मिळाले. आत्मकथनातील सूत्रवाक्यांपेक्षा विधिनियमाचे हे रुक्ष गद्य त्याच्या अनुभवाशी अधिक इमानी आहे, असे माझे मत आहे.