वाशिमची १७.३४ टक्के वाढ: आपण नक्की कोणाला मोजतो?

संशोधन आराखडा लिहायला बसलं की पहिल्या परिच्छेदात जिल्ह्याची लोकसंख्या टाकायची, ही आपल्याकडे जवळपास प्रथाच आहे. मीही टाकली होती: ‘२००१ ते २०११ या दशकात वाशिम जिल्ह्याची कायम रहिवासी लोकसंख्या १७.३४ टक्क्यांनी वाढली.’ मार्गदर्शकांनी ‘कायम रहिवासी’ या शब्दांखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘कशावरून?’ तेव्हा राग आला होता. पण तुम्ही हीच चूक करू नये, म्हणून आज त्या एका प्रश्नावर लिहितेय.

आधी आकडे. २००१ मध्ये वाशिमची लोकसंख्या १०,२०,२१६ होती, २०११ मध्ये ११,९७,१६० झाली. वाढ १,७६,९४४. ही दहा वर्षांची वाढ आहे, वार्षिक दर साधारण १.६ टक्के येतो. १७.३४ ला दहाने भागून १.७३ लिहू नका, वाढ चक्रवाढ असते. आणखी एक सावधगिरी: जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे १९९१ चा ‘वाशिमचा’ आकडा हा नंतर तालुके जुळवून काढलेला आहे.

आता तुलना करा. त्याच दशकात अकोला ११.२७, अमरावती १०.७९, यवतमाळ १२.७८ आणि बुलढाणा १५.८५ टक्के. म्हणजे अमरावती विभागात वाशिम सर्वांत पुढे, राज्याच्या १५.९९ पेक्षाही वर. दुसरीकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या डोंगराळ, ग्रामीण जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. यावरून पटकन लिहिलं जातं, ‘कोकणातून स्थलांतर होते, वाशिममधून फारसे होत नाही.’ माझी खरी हरकत या वाक्याला आहे.

अजिंठ्याच्या रांगांमधला हा पठारी, कोरडवाहू भाग. शंभरातले सुमारे ८२ लोक गावांत राहतात. सोयाबीन दिवाळीच्या आसपास निघतं, पाणी नसेल तिथे रब्बी नाही, म्हणजे हाताला काम नाही. मग मानोऱ्याकडच्या तांड्यांतून लोक ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जातात. मी जानेवारीत एका तांड्यावर प्रश्नावली घेऊन गेले, तर निम्म्या दारांना कुलपं. एक आजी म्हणाल्या, “आता कायले आली बाई? होळीले ये, मंग भेटतीन सारे.”

जनगणना होळीला येत नाही, फेब्रुवारीत येते. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. नियम असा की नेहमी त्या घरात राहणारा माणूस हा पूर्ण काळ बाहेर असेल, तर त्याला त्या घरात मोजायचं नाही, जिथे सापडेल तिथे मोजायचं. ऊस गाळपाचा हंगामही नेमका तेव्हाच जोरात असतो. म्हणजे वाशिमचा तोडणी कामगार कारखान्याच्या जिल्ह्यात मोजला जातो. देशाच्या बेरजेत तो असतो, वाशिमच्या बेरजेत नसतो. नियमात चूक नाही. आपण हजेरीच्या आकड्याला ‘कायम रहिवासी’ म्हणतो, चूक तिथे आहे.

मग १७.३४ खोटं का? थांबा, इथे घाई नको. एक काल्पनिक तांडा घ्या. २००१ मध्ये खरे रहिवासी १०००, बाहेर १००, मोजले ९००. २०११ मध्ये खरे ११५०. बाहेर जाणारे तेव्हाही दहा टक्केच असतील, तर मोजले १०३५. वाढ १५ टक्के, अगदी बरोबर, कारण गैरहजेरी दोन्हीकडे सारखीच कापली गेली. पण बाहेर जाणारे वीस टक्के झाले असतील, तर मोजले ९२०. वाढ फक्त २.२ टक्के! खरी वाढ तीच, दिसणारी वेगळी. म्हणून लोकसंख्येचा आकडा गैरहजेरीने बिघडतो, पण वाढीचा दर बिघडतो तो गैरहजेरीचं प्रमाण बदललं तरच. ते प्रमाण जनगणनेच्या या आकड्यात नसतं.

काहीजण म्हणतील, लिंग गुणोत्तरावरून कळेल की. रत्नागिरीत कळतं. पुरुष एकटे मुंबईला जातात, म्हणून हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया दिसतात. पण ऊसतोडीला ‘कोयता’ जातो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघंही एकदम यादीतून जातात, गुणोत्तर फारसं हलत नाही. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. खूण शोधायची तर वयोगटांत शोधा.

एक टीका मात्र जनगणनेवरही करायला हवी. जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या बर्फाळ भागांसाठी ती वेळापत्रक बदलते. २०११ च्या वेळी तिथली गणना सप्टेंबर २०१० मध्येच उरकली होती. बर्फासाठी तारीख बदलते, उसासाठी नाही. सगळ्यांना सोयीची तारीख नसतेच, हे मान्य. पण ‘घरातले किती जण हंगामी कामासाठी बाहेर आहेत’ एवढा एक प्रश्न तरी विचारता येईल. पुढच्या गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे पुन्हा गाळप हंगामच. अंगणवाडी, रेशन, पाणी यांचं नियोजन या आकड्यांवर होणार, आणि होळीला परतणारी माणसं त्या नियोजनात नसणार.

तुम्ही काय कराल? आराखड्यात ‘कायम रहिवासी’ऐवजी ‘फेब्रुवारी २०११ मध्ये मोजलेली लोकसंख्या’ असं लिहा. राष्ट्रीय नमुना पाहणीची २००७-०८ ची व्याख्या वाचा. तिथे सहा महिने वास्तव्य म्हणजे नेहमीचं ठिकाण, आणि कामासाठी एक ते सहा महिने बाहेर राहिलेल्यांची वेगळी नोंद. आणि शक्य असेल तर एकाच गावात दोनदा जा, एकदा जानेवारीत, एकदा पेरणीच्या आधी. कुलूपबंद घरं ‘प्रतिसाद नाही’ म्हणून वगळू नका, त्यांची संख्या लिहून ठेवा. माझ्या वहीतला सगळ्यात कामाचा रकाना तोच निघाला.