आहार्य की अंगभूत? : सत्ताधारी स्त्रीच्या वेशाचे वाचन

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी आहार्य म्हणजे बाहेरून आणलेले, वर चढवलेले : वस्त्रे, अलंकार, रंगभूषा, नेपथ्य. एक देह सोडून दुसऱ्या देहात शिरलेला जीव जसा त्या दुसऱ्या देहाचा स्वभाव धारण करतो, तसा वेश पालटलेला नट भूमिकेचा स्वभाव धारण करतो, अशी उपमा तेथे येते. या विचारात वेश आणि व्यक्ती यांच्यामध्ये एक अंतर गृहीत धरलेले आहे. वेश भूमिकेचा असतो, नटाचा नव्हे. राजकारणाला रंगभूमीची उपमा देण्याचा प्रघात जुना असला, तरी या उपमेतील हे अंतर राजकारणातील सर्व पात्रांच्या वाट्याला सारखे येत नाही. पुरुष नेत्याचा वेश बहुधा आहार्य म्हणून वाचला जातो. स्त्री नेत्याचा वेश मात्र तिच्या अंगाचाच भाग मानला जातो, आणि त्यावरून तिचे शील, वय, वकूब यांचे अनुमान केले जाते. स्त्री नेत्यांना दिसण्यावरून जोखले जाते ही तक्रार आता परिचित झाली आहे. त्या जोखण्यामागची वाचनपद्धती मात्र फारशी तपासली गेलेली नाही.

ही पद्धती किती जुनी आहे हे पाहण्यासाठी झाशीच्या राणीची दोन वर्णने शेजारी ठेवता येतील. पहिले जॉन लँग या वकिलाचे. 1854 साली झाशी संस्थान खालसा झाल्यानंतर राणीने सल्लामसलतीसाठी त्याला बोलावून घेतले. ही भेट त्याने पुढे आपल्या प्रवासवर्णनात सांगितली. ते 1859 साली, म्हणजे राणीच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. राणी पडद्याआड बसली होती. दत्तक मुलाच्या हातून पडदा क्षणभर बाजूला झाला. तो चुकून झाला की मुद्दाम, हे आपल्याला ठाऊक नाही असे लँग म्हणतो. त्या क्षणात त्याने जे टिपले त्याची यादी मोठी आहे : मध्यम बांधा, किंचित स्थूल पण फार नव्हे, तरुणपणी चेहरा फारच देखणा असला पाहिजे, डोळे विशेष सुंदर, वर्ण फार गोरा नाही, अंगावर सोन्याच्या कर्णभूषणांखेरीज दागिना नाही, आणि पांढरी मलमल इतकी तलम की शरीराची रेषा कळावी. या सगळ्याला उणेपणा आणणारी एकच गोष्ट त्याला आढळली, ती म्हणजे तिचा आवाज.

येथे थांबणे आवश्यक आहे. ज्या स्त्रीने त्याला राज्याच्या हक्काविषयी बोलण्यास बोलावले होते, तिचे बोलणे हेच या वर्णनात सौंदर्याला लागलेला डाग ठरते. गव्हर्नर जनरलला हे दर्शन घडले असते तर त्याने झाशी तिच्या सुंदर राणीला तत्काळ परत केली असती, अशी स्तुतीही लँग करतो. स्तुती म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण तिचे तर्कशास्त्र पाहण्यासारखे आहे. दत्तकविधान, पूर्वीचे तह, वारसाहक्क या सर्व युक्तिवादांच्या जागी एक चेहरा येऊन बसतो. राज्य परत मिळायचेच तर ते मिळणार दिसण्याच्या बळावर. न्याय हा शब्द त्या वाक्यात कोठेही लागत नाही. आणि झाशी न देण्याविषयीचे राणीचे जे वाक्य पुढे शाळकरी मुलांच्याही तोंडी बसले, ते याच लँगने नोंदवून ठेवले आहे. वाक्य जपणारा आणि वाक्याकडे कानाडोळा करणारा एकच, असा हा विलक्षण प्रकार आहे.

दुसरे वर्णन वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे. यज्ञातील दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेले हे भिक्षुक बंडाच्या धामधुमीत झाशीत अडकले. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली चिं. वि. वैद्यांनी फेरफारांसह छापला. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली प्रकाशात आणली. गोडसे भटजीही राणीच्या पोशाखाविषयी लिहितात, आणि हौसेने लिहितात. राणी कधी पुरुषवेशात दरबारास येई, कधी स्त्रीवेशात. पुरुषवेशात पायजमा, बंडी, डोक्यास टोपी व पागोटे, कमरेस तलवार. स्त्रीवेशात पांढरे पातळ, पांढरी चोळी, हातात हिऱ्यांच्या बांगड्या, गळ्यात मोत्यांची कंठी, केसांचा बुचडा; नाकात नथ नाही.

तपशिलांची संख्या लँगपेक्षा कमी नाही. फरक आहे तो त्यांच्या अन्वयाचा. गोडसे भटजींच्या लेखी वस्त्रे एका व्यवस्थेतील चिन्हे आहेत. पागोटे व तलवार राज्यकर्तेपण सांगतात, पांढरे पातळ व नथीचा अभाव वैधव्य सांगतो, हिरे व मोती राजघराण्याची पायरी सांगतात. संरचनावादी परिभाषेत नथ हे येथे शून्य चिन्ह आहे. नसण्यानेच ते बोलते. ही संहिता ब्राह्मणी व पुरुषसत्ताक आहे यात शंका नाही, आणि विधवेच्या अंगावर काय असावे हे ठरवणाऱ्या समाजाला उदार म्हणण्याचे कारण नाही. तथापि एकच स्त्री आज एका वेशात व उद्या दुसऱ्या वेशात सिंहासनाचे काम पाहू शकते हे भटजींना विसंगत वाटत नाही. वेश बदलतो, अधिकार तोच राहतो. म्हणजे त्यांच्या वाचनात राणीचा वेश आहार्य आहे. लँगच्या वाचनात मलमल पारदर्शक होते आणि वस्त्र नाहीसे होऊन केवळ देह उरतो.

लँगचे वर्णन लॉरा मल्व्ही यांनी 1975 साली चित्रपटाच्या संदर्भात मांडलेल्या पुरुषी दृष्टीच्या सिद्धांताने सहज उलगडते. परंतु तो सिद्धांत पाहणाऱ्याविषयी जितके सांगतो तितके पाहिल्या जाणाऱ्या व्यक्तीच्या कर्तृत्वाविषयी सांगत नाही. पडदा चुकून सरला की मुद्दाम? लँगची ही शंका त्याच्या नकळत त्याच्याच वर्णनाला छेद देते. दरबारात वेशांची इतकी जाणीवपूर्वक योजना करणारी स्त्री एका परक्या वकिलापुढे पडद्याचाही उपयोग जाणत असावी, हा अन्वय निदान शक्य कोटीतला आहे.

लँगची वाचनपद्धती वसाहतीबरोबर गेली नाही. 1997 साली महिला आरक्षण विधेयकावरील वादात शरद यादव यांनी विधेयकाच्या पाठीराख्या स्त्रियांना ‘परकटी’ म्हटले. शब्दशः पंख कापलेली, रूढार्थाने आखूड केसांची. मागास जातींतील स्त्रियांना या आरक्षणातून काय मिळणार, हा त्यांचा प्रश्न गंभीर होता आणि त्याचे उत्तर देणे भाग होते. तो वर्गाचा प्रश्न केसांच्या लांबीवर लटकवल्यामुळे केस तेवढे लक्षात राहिले. 2018 च्या डिसेंबरात राजस्थानच्या प्रचारात याच नेत्याने वसुंधराराजे फार स्थूल झाल्या आहेत, त्यांना विश्रांती द्या असे म्हटले, व टीका झाल्यावर खेद व्यक्त केला. पाच वर्षांच्या कारभाराविषयी बोलण्याजोगे पुष्कळ असताना लँगच्या ‘किंचित स्थूल’चीच ही आवृत्ती निघावी, हा योगायोग मानता येत नाही.

पुरुषांच्याही पोशाखावर टीका होते, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो खराही आहे. जानेवारी 2015 मध्ये नरेंद्र मोदी यांनी स्वतःचे नाव विणलेला सूट घातला. त्यावर टीकेची झोड उठली आणि पुढच्याच महिन्यात सुरतेत त्याचा 4.31 कोटी रुपयांना लिलाव झाला. पण त्या टीकेतून निघालेली घोषणा ‘सूट-बूट की सरकार’ अशी होती. सूट धोरणाचे चिन्ह झाला, देहाचे नव्हे. याच्या शेजारी जयललिता यांचे प्रकरण ठेवावे. 1996 साली त्यांच्या घरावरील छाप्यात दहा हजारांहून अधिक साड्या व 750 पादत्राणांचे जोड सापडल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात साड्या हा पुरावा होता, त्यांची मोजणी गैर नव्हती. मात्र आरोपाची रक्कम 66 कोटींवर होती आणि तिचा मोठा भाग जमिनी, इमारती व कंपन्यांत होता. लोकस्मृतीत उरल्या त्या साड्या आणि चपला. भ्रष्टाचाराचा आरोप नटवेपणाच्या आरोपात मुरला, आणि त्यात आरोप सौम्य झाला की तीव्र हे सांगणे कठीण आहे. तो राजकीय मात्र राहिला नाही. 25 मार्च 1989 रोजी विधानसभेतील गोंधळात आपली साडी ओढली गेल्याची तक्रार याच स्त्रीने केली होती, आणि मुख्यमंत्री झाल्यावर त्या बराच काळ साडीवर झगा घालून वावरत. हा झगाही थट्टेचाच विषय झाला. त्याला चिलखत म्हणून वाचणारे थोडे.

इंदिरा गांधींच्या बाबतीत ही पद्धती गौरवातही उतरते. पंतप्रधानपदाच्या आरंभी त्यांना ‘गूंगी गुडिया’ म्हटले गेले, 1971 च्या युद्धानंतर ‘दुर्गा’. ही दोन विशेषणे परस्परविरोधी समजली जातात. परंतु बाहुली आणि देवीची मूर्ती यांत एक साम्य आहे : दोघींनाही दुसरे कोणी नेसवते. मराठीत नेसणे आणि नेसवणे हा भेद एका प्रत्ययाचा आहे, आणि सत्ताधारी स्त्रीविषयीच्या भाषेत तो सतत पुसला जातो.

म्हणूनच, स्त्री नेत्याच्या वेशाविषयी काहीच बोलू नये, हा सध्या सुसंस्कृत मानला जाणारा उपाय समीक्षेला पुरणारा नाही. तो शिष्टाचार म्हणून ठीक आहे. पण वेशातून केलेले विधानही तो ऐकू येऊ देत नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना जातीची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची रीत आणि अंगभर लादलेले दागिने टाकून देण्यास सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी स्त्रिया नव्या रीतीने नेसून आल्या. चवदार तळ्याच्या पाण्याइतकेच ते लुगडे राजकीय होते. त्यात उच्चवर्णीय वेशाचे अनुकरण होते काय, हा वाद घालता येईल. अनुकरणानेच संहितेची मक्तेदारी मोडते असेही म्हणता येईल. त्या नेसणीला स्त्रियांची हौस म्हणणे मात्र निव्वळ अडाणीपणाचे ठरेल.

मायावतींच्या पुतळ्यांतील हातातली पर्स नेमकी याच अडाणीपणाने वाचली गेली. लखनौच्या स्मारकांवर झालेला खर्च हा टीकेचा योग्य विषय होता, आणि ती प्रकरणे न्यायालयातही गेली. पर्सवरची टीका वेगळी होती. ती अभिरुचीची होती. मार्गारेट थॅचर यांच्या हँडबॅगेवरून इंग्रजीला दरारा सुचवणारे एक क्रियापद मिळाले. मायावतींच्या पर्सवरून आपल्याकडे विनोद निघाले. नेत्याच्या पुतळ्याच्या हाती ग्रंथ, काठी किंवा तलवार असावी असा आपला मूर्तिसंकेत आहे. दलित स्त्रीच्या शिल्पात या संकेताने डोक्यावरची पाटी किंवा हातातला झाडू चालवून घेतला असता, करुण म्हणून त्याची वाखाणणीही केली असती. स्वतःच्या पैशाची, स्वतःच्या हातातली, मिटलेली पर्स त्या संकेतात बसत नाही. महाडच्या लुगड्याच्या परंपरेत ती वाचली तर तिचा अर्थ लागतो, आणि मग स्मारकांच्या खर्चाविषयीचा प्रश्नही त्या पर्सच्या मालकिणीला राज्यकर्ती म्हणून विचारता येतो.