धरणाच्या साहित्यातील मासा

धरणावरील आपल्या लेखनात विस्थापित माणूस आला, तो यायलाच हवा होता. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ने (१९९१) त्याला कादंबरीच्या मध्यभागी आणले. परंतु तितक्याच बेघर झालेल्या माशाला आमच्या लेखणीत क्वचितच जागा मिळते. दख्खनी महाशीराचे शास्त्रीय वर्णन साइक्सने १८३९ साली केले, ते मुळा-मुठेतील माशावरून. त्याच मुळेचे पाणी मुळशीला अडवून १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरासाठी घाटाखाली उतरविले जाते. महाशीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून वाहत्या पाण्यातल्या खडीत अंडी घालतो. भिंत ती वाट अडविते. वर पाणी साचते, खाली प्रवाह आटतो. मासा अर्ज करीत नाही, सत्याग्रहही करीत नाही. म्हणूनच त्याची कैफियत मांडणे हे आम्हां कादंबरीकारांचे काम आहे, असे मी मानतो.